सामूहिक वनहक्काचा दावा : नमुना 'क' पासून वाहतूक परवान्यापर्यंत कुठे काय अडतं

रानपाखरू
वनहक्क कायद्यावरचे इथले धागे बहुतेक वैयक्तिक दाव्यांचे, म्हणजे नमुना 'अ' चे आहेत. कसेल त्याच्या ताब्यातली जमीन, कमाल ४ हेक्टर, पती-पत्नी दोघांच्या नावे. ते महत्त्वाचं आहेच. पण अख्ख्या गावाला जंगलाचा कारभार हाती देणारं कलम वेगळं आहे : ३(१)(आय). पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. त्याचा दावा नमुना 'क' वर करायचा. हा नमुना २०१२ च्या सुधारित नियमांनी आला. त्याआधी सगळं नमुना 'ब' मध्येच कोंबलं जायचं.

देशात हा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आहे. २००९ साली, सुमारे १,८०० हेक्टर. पुढे गडचिरोलीत शेकडो गावांना मिळाला. उरलेल्या महाराष्ट्रात मात्र बऱ्याच गावांना 'ब' आणि 'क' यांतला फरकच कोणी सांगितलेला नाही. 'ब' म्हणजे वापराचे हक्क : निस्तार (घरगुती गरजेपुरता जंगलाचा वापर), गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातलं बाकी उत्पन्न), चराई, मासे, पाणवठे. 'क' म्हणजे कारभाराचा हक्क. फक्त 'ब' भरला तर मोहफुलं गोळा करता येतील, पण कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा पट्टा) तोडायचं की नाही हे वनविभागच ठरवत राहील.

आणखी एक घोळ : कलम ३(२) खाली शाळा, रस्ता, अंगणवाडी अशा १३ सुविधांसाठी वनजमीन वळवता येते (प्रत्येकी १ हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ झाडांपर्यंत). काही ठिकाणी अशी परवानगी दिली की कागदावर 'सामूहिक हक्क दिला' अशी नोंद होते. तो सामूहिक वनहक्क नव्हे. यादी तपासताना हे आधी वेगळं काढा.

ज्यांना टप्प्यांची माहिती आहे त्यांनी भर घालावी.

मोहफूल
सुरुवात ग्रामसभेच्या रजिस्टरपासून. पुढे दावे पडतात त्यातले कितीतरी इथेच कच्चे राहिलेले असतात.

पहिला प्रश्न, कोणती ग्रामसभा? गट ग्रामपंचायतीत चार-पाच पाडे असतील तर सगळ्यांची मिळून एक सभा बोलावली जाते, गणपूर्ती होत नाही आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. पाड्याची, टोल्याची स्वतंत्र ग्रामसभा भरवता येते. अनुसूचित क्षेत्रात तर पेसा (तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि २०१४ चे महाराष्ट्राचे पेसा नियम यांत पाड्याला गाव म्हणून जाहीर करून घ्यायची सोय आहे.

गणपूर्ती : एकूण सदस्यांच्या निम्मे हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. दाव्यांवर ठराव करायचा असेल तर दावेदारांपैकी किमान निम्मे (किंवा त्यांचे प्रतिनिधी) हजर हवेत. सदस्य म्हणजे गावातला प्रत्येक प्रौढ, कुटुंबप्रमुख नव्हे. मतदार यादी समोर ठेवा, एकूण आकडा ठरावाच्या पहिल्या ओळीत लिहा, हजर महिला किती ते वेगळं लिहा. सह्या-अंगठे ठरावाच्याच पानांना जोडून. सुट्या कागदावर सह्या घेऊन नंतर चिकटवल्या की शंका घ्यायला जागा मिळते.

वनहक्क समिती १० ते १५ जणांची. २०१२ नंतर किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. जिथे अनुसूचित जमातीचे लोक नाहीत तिथेही महिलांची अट आहेच. अध्यक्ष आणि सचिव समितीने आपल्यातूनच निवडायचे आणि उपविभागीय समितीला (ग्रामसभेकडून आलेले दावे तपासणारी वरची समिती, तिच्यावर जिल्हा समिती) कळवायचं. ग्रामसेवक आपोआप सचिव होतो हा गैरसमज. जुनी समिती २००८ ची असेल तर रचना तपासा. त्या वेळी अनुसूचित जमातीसाठी अट एक तृतीयांशची होती, म्हणून बऱ्याच समित्या नव्या नियमात बसत नाहीत. फेरनिवड करून ठराव घेतला की मोकळे.

जुना_नकाशा
आता पुरावे. वनहक्क नियमांतल्या नियम १३ मध्ये लांब यादी आहे, सगळं लागत नाही. एकाहून जास्त पुरावे हवेत, म्हणजे किमान दोन. त्यात दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब हा पूर्ण वजनाचा पुरावा आहे. 'कागद नाही म्हणून दावा नाही' असं कोणी सांगितलं तर नियम १३ उघडून दाखवा.

विदर्भात सोन्याची खाण म्हणजे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. जुन्या मध्यप्रांताच्या बंदोबस्तात गावाला कोणत्या जंगलातून सरपण, बांबू, चराई, गवत मिळतं ते नोंदलेलं असतं. जिल्हा अभिलेख कक्षात गावाच्या नावाने मिसल (बंदोबस्ताची जुनी फाईल) मागा. गावाचं नाव जुन्या लिखाणात वेगळं असू शकतं, म्हणून मौजा क्रमांक आणि जुनं परगण्याचं नाव दोन्ही घेऊन जा. कोकण-नाशिक पट्ट्यात निस्तार पत्रक नाही, तिथे वन बंदोबस्ताचे अहवाल, गॅझेटियर, जुन्या कार्य आयोजना (वनविभागाचे जंगलाच्या कामाचे आराखडे), गुरचरणाच्या नोंदी. रायगडात दळी जमिनींचे (डोंगरउतारावर कसायला दिलेल्या वनजमिनी) कागद, ठाणे-पालघर-नंदुरबारकडे एकसाली प्लॉटचे (वर्षाच्या पट्ट्यावर दिलेली वनजमीन). हे जास्त करून वैयक्तिक दाव्याला लागतात, पण गाव त्या रानात वावरत होतं हेही त्यातून सिद्ध होतं.

आणि हो, वनगुन्ह्याच्या दंडाच्या पावत्या फेकू नका! १९९० साली 'अवैध चराई' म्हणून कापलेली पावती ही त्या जंगलात गावाची गुरं जात होती याची सरकारनेच दिलेली पोच आहे.

नकाशे विकत घेत फिरू नका. वन आणि महसूल नकाशे, मतदार याद्या ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे. नियम १२(४) खाली समितीने लेखी मागणी केली की संबंधित अधिकाऱ्याने साक्षांकित प्रत द्यायची. मागणी अर्जाची आवक क्रमांकासह पोच घ्या. नकाशा मिळाला नाही तरी ती पोच पुढे कामाला येते.

सागरगोटी
हद्द जीपीएसनेच मोजावी लागते का? तालुक्याला 'जीपीएस नाही तर फाईल घेत नाही' म्हणतात.

जुना_नकाशा
@सागरगोटी, नाही. नमुना 'क' मध्ये नकाशा मागितला आहे तो ओळखता येतील अशा खुणांसह पारंपरिक हद्द दाखवणारा. नाला, डोंगराची धार, मोठं झाड, जुनी गाडीवाट, देवाचं ठाणं. कक्ष क्रमांक (वनविभागाने पाडलेल्या जंगलाच्या भागाचा क्रमांक) 'माहीत असल्यास' लिहायचा आहे. तसं नमुन्यातच आहे.

तरी माझं मत, मोबाईलवर ट्रॅक घेऊन ठेवा. सक्ती आहे म्हणून नव्हे. उद्या हक्काच्या पत्रात १,२०० हेक्टरऐवजी ४०० हेक्टर आलं तर नेमका कोणता भाग गळला हे दाखवायला. उपग्रह चित्राबद्दल नियम स्पष्ट आहे : ते इतर पुराव्याला पूरक, बदली नाही. 'चित्रात दिसत नाही' एवढ्यावर दावा नाकारता येत नाही.

हद्द फिरताना म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना घ्या. सरपणाला जाणाऱ्या बायका आवर्जून. पुरुषांना शिकारीच्या आणि गाडीच्या वाटा माहीत, कंद-भाजी-डिंकाच्या जागा बायकांना. नुसते पुरुष फिरले तर हद्द हमखास आत येते.

पळसपान
शेजारच्या गावाची हद्द चढली तर? आमच्या भागात दोन गावं एकाच डोंगरावर मोहफुलं वेचतात.

मोहफूल
भांडण समजू नका, तो भाग दोघांचाही असू शकतो. नमुना 'क' मध्ये सीमेवरच्या गावांचा रकाना आहे, त्यातच वाटून घेतलेल्या साधनांची माहिती लिहायची सोय आहे. दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, वापर कसा होतो ते पाहायचं, लेखी निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला द्यायचे. दोन्ही ग्रामसभांना जमलंच नाही तर प्रकरण उपविभागीय समितीकडे.

व्यवहारात करायचं ते असं : शेजारच्या प्रत्येक गावाला हद्द फिरण्याची तारीख लेखी कळवा आणि त्यांचं ना-हरकत पत्र घ्या. सामायिक भाग नकाशावर वेगळ्या रंगात दाखवा. नंतर पाच वर्षांनी तेंदूच्या रॉयल्टीवरून डोकी फुटण्यापेक्षा आज चार बैठका परवडल्या.

सागरगोटी
आणि पडताळणीला वनविभागाचं कोणी आलंच नाही तर?

वकीलपाडा
हे नीट लिहितो, कारण इथेच वर्षं जातात.

समितीने वन आणि महसूल दोन्ही विभागांना पडताळणीची तारीख लेखी कळवायची. त्यांनी हजर राहायचं, कार्यवाहीवर नाव, हुद्दा, तारीख आणि शेऱ्यासह सही करायची. न आल्यास पडताळणी थांबत नाही. पंचनाम्यात 'सूचना देऊनही अनुपस्थित' असं लिहा, सूचनेची पोच जोडा. नंतर वनविभागाने 'आमचा माणूस नव्हता' म्हणून हरकत घेतली तर नियम १२-अ प्रमाणे दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे येतो. तेव्हाही प्रतिनिधी आला नाही तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

दावा वर गेल्यावर :
उपविभागीय किंवा जिल्हा समितीला दावा अपुरा वाटला तर तो परस्पर फेटाळायचा नाही, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे पाठवायचा. फेटाळला किंवा कमी केला तर सविस्तर कारणं द्यायची. केवळ तांत्रिक किंवा प्रक्रियेच्या कारणावरून फेटाळता येत नाही. कारण 'अपात्र' या एका शब्दात संपवलं असेल तर तीच तुमच्या अर्जाची पहिली ओळ.

निर्णयाविरुद्ध वरच्या समितीकडे अर्ज करायची मुदत ६० दिवस, निर्णय समजल्यापासून. म्हणून निर्णय कोणत्या तारखेला हातात पडला ते लिहून ठेवा. जिल्हा समितीचा निर्णय मूळ कायद्यात अंतिम आहे. महाराष्ट्रात १८ मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रापुरती वरची पायरी तयार झाली : विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालची समिती, तिथे अपील. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या गावाला ही पायरी नाही, त्यांना उच्च न्यायालयच.

कारणं न देता फेटाळण्याचा परिणाम काय होतो ते देशाने पाहिलं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना काढण्याचा आदेश दिला, २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली, कारण फेटाळण्याची प्रक्रियाच नीट झाली होती का हा प्रश्न उभा राहिला. कलम ४(५) सांगतं की मान्यता आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवायचं नाही. हे कलम छापून घरात लावून ठेवावं असं आहे.

रानपाखरू
हक्काचं पत्र हातात आलं की हार-तुरे घेण्याआधी ते वाचा. तपासण्याच्या गोष्टी :

नाव. हक्क ग्रामसभेच्या नावे हवा. संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावाने पत्र निघाल्याची उदाहरणं आहेत. समिती वनविभागाने बनवलेली असते, उद्या बरखास्त झाली तर हक्क कोणाचा?

अटी. सामूहिक वनसंपत्तीच्या पत्राच्या विहित नमुन्यातच लिहिलं आहे की कायदा आणि नियमांपलीकडे कोणतीही अट नाही. तरी 'कार्य आयोजनेस अधीन राहून', 'वनविभागाच्या पूर्वपरवानगीने' अशी वाक्यं घुसतात. ती खोडून सुधारित पत्र मागा, लेखी.

क्षेत्र आणि नकाशा. कक्ष क्रमांक आहेत पण चतु:सीमा नाही, नकाशा जोडलेला नाही, असं पत्र अर्धवट. शिवाय तीन सह्या हव्यात : उपवनसंरक्षक, आदिवासी विकास विभागाचा जिल्हा अधिकारी, जिल्हाधिकारी.

नोंद. हे सगळ्यात जास्त राहतं. महसूल आणि वन विभागाने अंतिम नकाशा करून दोन्हीकडच्या अभिलेखात नोंद घ्यायची, जास्तीत जास्त तीन महिन्यांत. तलाठ्याकडे फेरफार मागा आणि वनविभागाच्या कक्ष इतिहासात नोंद झाली का ते विचारा. ती नसेल तर पुढची कार्य आयोजना लिहिताना तुमचं जंगल 'मोकळं' समजून त्यात कूप आखलं जातं.

कणसरी
इथपर्यंत सगळं लाकूड-पाला-जमीन झालं. सांस्कृतिक हक्कांचं काय? देवराई, पेनठाणा (गोंडांच्या देवाचं ठाणं), गोटुलासाठी (गावातल्या तरुणांचं एकत्र जमायचं घर) लागणारं लाकूड, स्मशान, जत्रेची वाट : हे नमुना 'ब' मध्ये 'इतर पारंपरिक हक्क' या रकान्यात लिहायचं. शिकार सोडून बाकी सगळं तिथे बसतं. औषधी वनस्पतींचं ज्ञान आणि जैवविविधता यांचा वेगळा रकाना आहे (कलम ३(१)(के)), तो नव्वद टक्के अर्जांत 'निरंक' दिसतो. माझा अंदाज म्हणून घ्या, मोजलेलं नाही.

ठाण्याची जागा 'क' च्या नकाशावरही दाखवा. ओडिशातल्या नियामगिरीचं प्रकरण विसरू नका. बॉक्साइटच्या खाणीसाठी वनजमीन हवी होती. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोंगरिया कोंधांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांवर ग्रामसभांनी विचार करावा. नियामराजाचा डोंगर हाच तिथला देव. बारा ग्रामसभा भरल्या, बाराही ठिकाणी खाणीला नकार. तिथे ठरावांच्या इतिवृत्तात लोक काय बोलले ते नोंदलं गेलं, म्हणून त्याला वजन आलं. 'सर्वानुमते विरोध' एवढंच लिहिलेला ठराव कोर्टात लुळा पडतो. कोणत्या झऱ्यावर कोणता देव, कधी पूजा, कोणती कुळं जातात, हे लिहा.

एक सावधगिरी मात्र. सगळीच ठिकाणं कागदावर आणायची का, हे ग्रामसभेने ठरवावं. काही जागा बाहेरच्यांना दाखवायच्या नसतात. हद्द दाखवा, नाव लिहू नका, असं करता येतं.

मांडवीकाठ
गोव्यातून. आमच्याकडे अनुसूचित क्षेत्रच जाहीर नाही, त्यामुळे पेसा नाही. पण वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, हे सत्तरी-सांगे-काणकोणात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. गावडा, कुणबी, वेळीप २००३ मध्ये अनुसूचित जमातीत आले. गवळी-धनगर मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून येतात, त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या जंगलावर अवलंबून राहिल्याचं दाखवावं लागतं.

@वकीलपाडा, ७५ वर्षं त्याच तुकड्यावर ताबा दाखवायचा की वास्तव्य?

वकीलपाडा
वास्तव्य आणि जंगलावर अवलंबून असणं. त्या विशिष्ट जमिनीचा ७५ वर्षांचा ताबा नव्हे. कार्यालयात हा फरक मुद्दाम किंवा अजाणता पुसला जातो. आणि सामूहिक दाव्यात गावात थोडे जरी अनुसूचित जमातीचे किंवा पारंपरिक वननिवासी असले तरी पुरे, असं नमुना 'क' च्या सदस्यांच्या रकान्यातच लिहिलं आहे.

मानवेल
पत्र मिळालं, नोंद झाली, आता पैसा. बांबू आणि तेंदू दोन्ही कायद्याने गौण वनोपज, मालकी ग्रामसभेची. गोळा करण्यावर सरकारला रॉयल्टी, फी काही लावता येत नाही. वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देतो. २७ एप्रिल २०११ ला मेंढ्यात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवाना पुस्तक ग्रामसभेला दिलं गेलं, तोवर जवळपास दोन वर्षं हक्क होता पण बांबू गाडीत भरता येत नव्हता.

तेंदू : लिलाव डिसेंबर-जानेवारीत लावा, खुटांची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोड एप्रिलच्या शेवटापासून पावसाच्या आत. आपल्याकडे पुडा ७० पानांचा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मध्य प्रदेशात पुडा ५० चा असतो. सीमेवरच्या गावांनी करारात पानांची संख्या लिहिली नाही तर ठेकेदार सोयीचा हिशेब धरतो.

करारात हवंच : मजुरी वेगळी, रॉयल्टी (म्हणजे ठेकेदाराने ग्रामसभेला द्यायचा पानांचा मोबदला) वेगळी. मजुरी आठवड्याला. रॉयल्टीचा मोठा हिस्सा माल गावाबाहेर जाण्याआधी खात्यात. फळीवर (पानं जमा करून वाळवायची जागा) पान वाळत असताना वळीव आला तर नुकसान कोणाचं, तेही लिहा. भाव चढलेल्या वर्षी ठेकेदार बोली फुगवतात आणि पुढे बाजार पडला की रॉयल्टी बुडवून गायब होतात. हे गडचिरोलीत अनेक ग्रामसभांनी भोगलं आहे. उपाय एकच, शेवटचा परवाना शेवटच्या पैशानंतर.

खातं ग्रामसभेच्या नावे, पॅन काढलेला, दोन-तीन सह्यांचं, त्यात एक सही बाईची. कराचा दर करार करण्याआधी सनदी लेखापालाला विचारा, तो बदलत असतो.

बांबू : बेटातला या वर्षीचा आणि गेल्या वर्षीचा कोवळा बांबू सोडायचा, जुना तोडायचा. पेराच्या वर, जमिनीपासून थोडं उंच, तिरपा घाव, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. बेटाच्या मधून काढायला त्रास होतो म्हणून लोक कडेचे तोडतात. कडेचे कोवळे असतात, बेट आतून गुदमरतं आणि काही वर्षांत उत्पन्न घटतं. पावसाळ्यात तोड बंद. जंगलाचे भाग पाडून पाळीने तोडा.

कणसरी
तेंदूबद्दल मला शंका आहे. ताजी फूट चांगली यावी म्हणून वणवे लावले जातात, आणि सतत छाटल्याने झाड फळावरच येत नाही. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगाव ग्रामसभेने तेंदू तोडणंच बंद केलं, बांबूवर भर दिला. हातचा पैसा सोडला!

मानवेल
पाचगावकडे बांबू भरपूर आहे, म्हणून ते जमलं. ज्या गावात बांबूच नाही तिथे मे महिन्यात दुसरं काय? आगीचं मात्र मान्य. आराखड्यात लिहा : आग लावलेली आढळली तर त्या भागातलं पान त्या वर्षी घ्यायचं नाही. आणि दर वर्षी एक भाग छाटणीविना सोडा, पाखरांना टेंभरं (तेंदूची फळं) राहतील.

पळसपान
आराखडा वनविभागाच्या नमुन्यातच करायचा का? शंभर पानांचा आहे तो.

रानपाखरू
नाही. नियम ४(१)(ई) खाली ग्रामसभेने जंगलाच्या राखणीसाठी नेमलेली समिती आराखडा करते, ग्रामसभा मंजूर करते. कार्य आयोजनेशी तो जुळवायचा, पण समितीला योग्य वाटतील ते बदल करून. वहीची बारा पानं पुरतात : नकाशा, कोणत्या भागात काय आहे, काय किती घ्यायचं, काय घ्यायचं नाही, राखण कोण कोणत्या दिवशी, दंड काय, आणि पैसा कशावर खर्च. मंजुरीचा ठराव त्याच वहीत. प्रत उपवनसंरक्षकांना माहितीसाठी द्या. अर्जावर 'मंजुरीसाठी' असा शब्द चुकूनही लिहू नका, नाहीतर वर्षभर उत्तराची वाट पाहाल.

पळसपान
बरं. आमच्या पत्रात 'कार्य आयोजनेस अधीन' आहे, आत्ताच काढून पाहिलं. आधी सुधारणा मागू की आराखडा करू?

वकीलपाडा
दोन्ही एकाच ग्रामसभेत. पहिला ठराव अटीवर हरकत आणि सुधारित पत्राची मागणी, दुसरा आराखड्याच्या समितीचा. वेगवेगळे क्रमांक द्या.